शेवट शाबूत असलेला ग्रंथ

धावड्याच्या आबारावांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत एकच पुस्तक वाचले होते, पण ते बावीस वेळा. ते पुस्तक म्हणजे घरची पोथी. दर श्रावणात प्रतिपदेला ती लाल फडक्यातून निघे आणि चौरंगावर बसे. वद्य चतुर्दशीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, समाप्ती झाली की पुन्हा फडक्यात जाई. त्याआधी त्यांच्या वडिलांनी एकोणतीस श्रावण केले होते. चौरंग दिसायला साधाच, त्याचे तीन पाय सागाचे आणि एक बाभळीचा. पण गावाचा नियम कडक होता. संकल्प करून सुरू केलेले वाचन ज्या घरात अर्धवट राहील, त्या घरातून चौरंग उठायचा आणि दुसऱ्या घरी जायचा. एक्कावन्न वर्षांत तो उठला नव्हता.

ओवी आबाराव वाचत आणि अर्थ त्यांचे शेजारी कारभारी सांगत. कारभारींना अक्षरओळख नव्हती आणि तिच्यावाचून त्यांचे कधी अडलेही नव्हते. आबारावांनी ओवी संपवून मान वर केली की कारभारी डोळे मिटून म्हणत, "म्हंजी काय," आणि तिथून पुढे ओवीपेक्षा चौपट वेळ घेत. दोघांची जोडी बैलजोडीसारखी बसलेली होती. मोट हाकतानासुद्धा आबाराव त्याच ओव्या म्हणत आणि शेजारच्या शेतातून कारभारी आपोआप अर्थ सांगत.

फसली सन तेराशे पन्नास, म्हणजे शके अठराशे त्रेसष्टच्या आषाढात मेंढपाळ म्हस्कूच्या शेळीने पोथीचे शेवटचे सहा अध्याय खाल्ले.

श्रावणाआधी पोथीला ऊन दाखवायची चाल होती. पाने सुटी, म्हणून ती अंगणात घोंगडीवर पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवलेले. आबारावांची बायको गोपिकाबाई दळणाला बसली होती आणि आबाराव पाण्याचा तांब्या आणायला आत गेले होते. बाहेर येईपर्यंत शेळी फलश्रुतीपर्यंत पोचली होती.

म्हस्कूने शेळीची बाजू घेतली नाही, पण तिच्यात त्या दिवसापासून फरक पडला आहे एवढे मात्र तो जो भेटेल त्याला सांगे. ती दुसऱ्याच्या पिकात तोंड घालेनाशी झाली होती. यावर गावात दोन मते पडली. काहींचे म्हणणे, हा सहा अध्यायांचा गुण. काहींचे, हा अपचनाचा. या वादात मूळ प्रश्न बाजूला राहिला. प्रश्न असा की श्रावण पंधरा दिवसांवर आला होता आणि आबारावांच्या पोथीला शेवट नव्हता.

सल्ल्याला कमतरता नव्हती. कोणी म्हणाले, पहिले अध्याय दोनदा वाचा. कारभारी म्हणाले, पाने नसली म्हणून काय झाले, आपण नुसता अर्थ सांगू. आबारावांना दोन्ही मान्य नव्हते. शेवटी त्यांना बद्रीनाथ मास्तर आठवले. मास्तर पूर्वी गावच्या शाळेत होते आणि आता जालन्याला एका वाचनालयाचे चिटणीस झाले होते. आबारावांनी त्यांना चिठ्ठी लिहिली: "श्रावण महिना पुरेल असा, बायाबापड्यांपुढे वाचता येईल असा, शेवट शाबूत असलेला ग्रंथ पाठवावा." चिठ्ठी घेऊन म्हस्कूला पाठवण्यात आले. त्याला मेंढरे विकायला जालन्याला जायचेच होते, आणि शेळीही त्याचीच होती.

वाटेत दोन नद्या होत्या आणि दोन्हींना पाणी होते. म्हस्कू परत आला तो प्रतिपदेला, दिवे लागायच्या सुमारास. ओसरी तोपर्यंत भरून गेली होती. चतुराबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे खांबाला टेकून बसली होती. तिचे वय सत्तर, आणि आबारावांच्या वडिलांचे पहिले वाचनही तिने ऐकले होते, त्यामुळे वाचन कसे व्हावे याबद्दल ती बोलली की दुसरे कोणी बोलत नसे. म्हस्कूने बगलेतले पुडके दिले. ते सोडायला वेळ नव्हता. ते तसेच लाल फडक्यात गुंडाळून चौरंगावर ठेवले, चतुराबाईने हळद-कुंकू वाहिले, नारळ फुटला आणि आबारावांनी पाणी सोडून संकल्प केला की चौरंगावर जे आहे ते समाप्तीपर्यंत वाचीन.

मग त्यांनी फडके सोडले. आत तीन कादंबऱ्या होत्या.

वर मास्तरांची चिठ्ठी होती. वाचनालयात पोथ्या ठेवत नाहीत. तरी मागणीप्रमाणे पाने मोजून, शेवट तपासून तीन पुस्तके पाठवत आहे. परत करताना प्रत्येक पुस्तकावर वाचकाने आपला अभिप्राय लेखी द्यावा, असा वाचनालयाचा नियम आहे. कळावे.

आबारावांना कादंबरी ही वस्तू ऐकून माहीत होती. जी माणसे कधी झाली नाहीत त्यांच्याबद्दल ज्यांना दुसरे काम नाही त्यांनी लिहिलेले, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी चतुराबाईकडे पाहिले.

"वाच," चतुराबाई म्हणाली. "नारळ फुटलाय."

पहिली कादंबरी चोरीची होती. एका सावकाराचा हिऱ्यांचा हार जातो आणि एक हुशार माणूस तो शोधून काढतो. आबारावांनी पहिले वाक्य ओवीच्या चालीवर म्हणून पाहिले, ते काही बसेना. तेव्हा साधेच वाचले आणि सवयीने मान वर केली. कारभारींनी डोळे मिटले. "म्हंजी काय," ते म्हणाले, आणि थांबले. वाक्य असे होते की सावकाराच्या घराला दोन दरवाजे होते. ते ओसरीवरच्या प्रत्येकाला समजले होते.

बावीस वर्षांत कारभारींवर अशी वेळ आली नव्हती. पण ते हार मानणारे नव्हते. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितले की घर म्हणजे देह, दोन दरवाजे म्हणजे जन्म आणि मरण, आणि हार म्हणजे आयुष्य. चोर कोण हे पुढे येईल. चतुराबाई म्हणाली, चोर दिवाणजी आहे. सातव्या दिवशी तो दिवाणजीच निघाला. हुशार माणसाला दोनशे पाने लागली होती, ही गोष्ट चतुराबाईने महिनाभर विसरू दिली नाही.

दुसरी कादंबरी एका तरुणाची होती. तो बोटीत बसून दूर देशी जातो आणि वाटेत बोट फुटते. ओसरीवर कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. पण कारभारींनी भवसागर अनेकदा सांगितला होता, त्यामुळे तो आठवडा त्यांच्या आयुष्यातला उत्तम आठवडा ठरला. बोट, शीड, वल्ही, वादळ, कशालाही ते अडले नाहीत. शेजारच्या वाडीची माणसे त्यांचा अर्थ ऐकायला येऊ लागली. ओसरी पुरेना, मग अंगणात घोंगड्या पडल्या.

तिसरी कादंबरी पौर्णिमेला सुरू झाली, आणि घोळ झाला तो तिच्यामुळे.

तिच्यात कुमुद नावाची एक मुलगी होती. लग्न होऊन मोठ्या शहरातल्या मोठ्या घरात आलेली. सासरा शब्द मोजून बोलणारा, नवरा परगावी शिकायला. कुमुदला लिहिता-वाचता येते हे सासरी कोणाला माहीत नसते आणि ती ते कोणाला सांगत नाही. नवऱ्याची पत्रे सासरा मोठ्याने वाचून दाखवतो, त्यातला काही भाग गाळून. गाळलेला भाग ती रात्री राखेवर काडीने लिहून पाहते, अंदाजाने. एवढेच. पहिल्या दिवशी आबारावांनी मान वर केली तेव्हा कारभारींनी डोळे मिटले नव्हते.

"पुढं वाचा," ते म्हणाले. "अर्थ मागून सांगतो."

तो त्यांनी पुढे सांगितलाच नाही.

आबारावांचे वागणे त्या आठवड्यात बदलले, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःला आवडली नाही. पोथी वाचणाऱ्याने पुढचे चोरून वाचायचे नसते. पोथीत तसा प्रश्नच येत नाही, कारण पुढचे सगळ्यांना माहीत असते. पण तिसऱ्या दिवशी आबाराव पुस्तक धोतराच्या सोग्यात घालून मळ्यात गेले आणि खोपीत बसून शेवटपर्यंत वाचून आले. दुपारी गोपिकाबाई भाकर घेऊन गेली तेव्हा बाजरीत तणाला हातही लागलेला नव्हता आणि आबाराव खोपीच्या दाराशी नुसते बसले होते.

"कोण गेलं?" तिने विचारले.

आबाराव म्हणाले, कोणी नाही.

"सांगायचं नसंल तर नगा सांगू. पर भाकर खा."

कुमुद शेवटी मरते, हे आता गावात एकट्या आबारावांना माहीत होते. त्या दिवसापासून त्यांचे वाचन मंदावले. रोजच्या तीस पानांची वीस झाली, मग दहा. ते चष्मा पुसत, पाणी पीत, आधीचे पान पुन्हा वाचत. समाप्तीचा दिवस ठरलेला होता, त्यामुळे या चालढकलीला अर्थ नव्हता. पण ज्या पानावर ती खोकते त्या पानाशी जायला त्यांचा पाय उचलत नव्हता. अंगणात रोज गर्दी वाढत होती. बायका वाटेने जाताना कुमुदच्या सासऱ्याला नाव ठेवत होत्या, आणि तेही असे, की वाटसरूला वाटावे हा सासरा पलीकडच्या गल्लीत राहतो.

गर्दी वाढली तसे पोलीस पाटील मच्छिंद्र यांना काम लागले. ते स्वतः रोज मागे जात्याजवळ बसून ऐकत. पण कायदा त्यांना माहीत होता. मामूल असेल, म्हणजे पूर्वापार चालत आले असेल, तर परवानगीची गरज नाही; नवी गोष्ट असेल तर वर कळवायचे. पोथी मामूल होती. कादंबरी मामूल आहे काय, हा प्रश्न त्यांनी आठ दिवस मनात ठेवला आणि मग वर कळवले. दशमीला तालुक्याहून हुकूम आला. आबारावांनी तिन्ही पुस्तकांसह त्रयोदशीला कचेरीत हजर व्हावे. सोबत एक छापील फर्द होती. तीत पुस्तकाचे नाव, छापखाना, साल, मजकूर काय, आणि वाचणाऱ्याची राय, म्हणजे मत, असे रकाने होते. चौकशी होईपर्यंत समाप्तीला मंजुरी आहे असे समजू नये.

"म्या कळवलं," मच्छिंद्र पाटील म्हणाले. "न्हाई कळवलं तर माझी पाटीलकी जाती. पर आबाराव, आज वाचून राह्यले ना?"

आबाराव म्हणाले, वाचतो.

त्यांच्यापुढे आता दोन तिढे होते. कचेरीने नाही म्हटले तर समाप्ती हुकणार आणि चौरंग जाणार. दुसरा तिढा एकादशीचा होता. त्या दिवशी कुमुदच्या मरणाचे पान आल्याशिवाय राहत नव्हते. एकादशीला दुपारी कारभारी मळ्यात आले. त्यांनी आबारावांच्या तोंडावरूनच सगळे ओळखले होते.

"जगवा तिला," ते म्हणाले. "पुस्तक तुमच्याच हाती हाय. एखादा वैद्य आना. कुणाला कळणार हाय? अर्थ मी बराबर लावतो."

आबारावांनी विचार करून पाहिला. वाचताना एक वैद्य आणणे कठीण नव्हते. रात्रीतून नवरासुद्धा परत आणता आला असता. पण बावीस वर्षांत त्यांनी कागदावर नसलेले एक अक्षर तोंडातून काढले नव्हते, आणि लोक त्यांच्यापुढे येऊन बसत ते याच भरवशावर.

"मंग उद्यापासून तुमी अर्थ सांगा आन मी गप बसतो," ते म्हणाले. "कारभारी, तिचा सासरा हेच करीत व्हता की. आपल्याला वाटलं ते वाचायचं आन वाटलं ते गाळायचं."

कारभारी उठून गेले. पण संध्याकाळी आपल्या जागेवर येऊन बसले.

आबारावांनी ते पान जसे होते तसे वाचले. आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. कुमुद गेल्यावर सासऱ्याला तिच्या उशाखाली नवऱ्याची सगळी पत्रे सापडतात, आणि त्याने गाळलेल्या प्रत्येक ओळीखाली बारीक रेघ असते. तिथे प्रकरण संपले. आबारावांनी मान वर केली. कोणी अर्थ विचारला नाही. माणसे उठून गेली आणि आरती राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई आली ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. तिने सांगितले की समाप्तीचे पुरण बायका शिजवणार नाहीत. सुतक आहे. उरलेली अकरा पानेही दहा दिवसांनी.

दहा दिवसांनी म्हणजे पोळा होऊन आठवडा उलटल्यावर. आबारावांनी गावच्या जोशीबुवांना बोलावणे धाडले. जोशीबुवा आले आणि त्यांनी शास्त्र सांगितले. पुस्तकातल्या बाईला गोत्र नाही, आणि गोत्र नसले की सुतकही नाही.

"गोत्र न्हाई म्हणून रडायचं न्हाई का?" चतुराबाई म्हणाली. "बारा दिस आमच्यात व्हती ती."

जोशीबुवांचा हा सकाळचा तिसरा तंटा होता. त्यांनी वैतागून सगळे नियम एका दमात सांगून टाकले. जवळच्याचे दहा दिवस, लांबच्याचे तीन. बातमी उशिरा कळली तर जेवढे दिवस उरले तेवढेच. आणि वर्ष उलटून गेल्यावर कळली तर नुसती अंघोळ, मग तो सख्खा भाऊ का असेना. यातले कोणते लागू करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, असे म्हणून ते निघून गेले. चतुराबाईने दहाचे ठरवले.

त्याच दिवशी आबाराव तट्टावर बसून तालुक्याला निघाले. रस्त्याने चिखल होता आणि फडक्यात तीन पुस्तके. फर्दीवरची राय त्यांनी आदल्या रात्री लिहून ठेवली होती.

कचेरीत मोठे साहेब दौऱ्यावर होते. काम त्यांच्या हाताखालच्या पेशकारसाहेबांकडे होते. ते पांढऱ्या दाढीचे, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. मराठी चांगले वाचत आणि बोलत, पण हुकूम देताना आपोआप उर्दूत जात. त्यांनी फर्द घेतली, आबारावांना बाकावर बसवले आणि वाचू लागले. राय अशी होती:

"पहिले पुस्तक चोरीचे आहे. त्यात चोर सापडला, पण हार सापडल्यावर सावकार पुन्हा कपाटात ठेवतो. कोणी घातलेला दिसत नाही. दुसरे बोटीचे आहे. आम्ही समुद्र पाहिला नसल्यामुळे खरे-खोटे सांगता येत नाही. वादळ पटले. तिसरे एका सुनेचे आहे. त्याबद्दल लिहायचे ते असे. पोथीतल्या माणसांचे पुढे काय होणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असते आणि बहुधा त्यांनाही ठाऊक असते. त्यामुळे वाचणारा निर्धास्त असतो. या पुस्तकातल्या माणसांना पुढचे ठाऊक नाही. आपल्याला पान उलटून कळते आणि त्यांना सांगता येत नाही. वाचणाऱ्याला उगाच आपण जबाबदार असल्यासारखे वाटते. असली पुस्तके वाचण्याची मला सवय नाही. वाईट आहेत असे म्हणवत नाही. शेवट तिन्हींचे शाबूत आहेत."

पेशकारसाहेबांनी राय दोनदा वाचली. मग कारकुनाकडून उरलेले रकाने भरून घ्यायला सुरुवात केली. कारकुनाने तिसऱ्या पुस्तकाचे पहिले पान उघडून छापखान्याचे नाव वाचले आणि पुढे साल वाचले: शके अठराशे त्रेचाळीस.

आबाराव बाकावरून उठून उभे राहिले. पेशकारसाहेबांनी विचारले, काय झाले. आबाराव म्हणाले, काही नाही, वीस वर्षे झाली. आणि पुन्हा बसले.

मग मामुलाचा प्रश्न निघाला. एरवी श्रावणात काय वाचता, असे पेशकारसाहेबांनी विचारले. पोथी, आबाराव म्हणाले. मग ती का नाही वाचली? आबारावांनी शेळीची हकीकत सांगितली. कारकुनाने ती लिहून घ्यायची की नाही हे विचारले, आणि लिहून घ्यावी असे ठरले. कोणता भाग गेला, अशी पृच्छा झाली. आबारावांनी कोठून कोठपर्यंत गेला हे दाखवण्यासाठी गेलेल्या भागाची पहिली ओवी म्हटली. पहिलीच्या मागे दुसरी आली. बावीस वर्षांच्या सवयीने ते मग थांबलेच नाहीत. शिपाई दारात येऊन उभे राहिले आणि कारकुनांनी दौती झाकल्या. पाऊण तासाने सहा अध्याय फलश्रुतीसह संपले. मध्ये कोठे अडले नाही.

पेशकारसाहेबांनी चष्मा काढला.

"आबाराव, ये तो पूरा तुमको याद है," ते म्हणाले. "फिर ये किताबां कायको होना थे?"

आबारावांनी तोंड उघडले. कचेरीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. पोथी पाहून वाचायची असते, पाठ म्हणायची नसते, असे काहीसे त्यांना सुचत होते. पण ते याआधी, म्हणजे शेळीने पाने खाल्ल्यापासून आजतागायत, एकदाही सुचले नव्हते, हेही त्यांना त्याच वेळी कळले. गावातल्या शंभर सल्ल्यांमध्येही हा एक नव्हता. या प्रश्नाचे उत्तर फर्दीवर कोरेच राहिले.

पेशकारसाहेबांनी निकाल लगेच दिला नाही. तिसरे पुस्तक त्यांनी तपासासाठी घरी नेले आणि आबारावांना कचेरीच्या ओट्यावर मुक्काम करायला सांगितले. चतुर्दशीला दिवस उगवताच शिपाई पुस्तक आणि हुकूम घेऊन आला. हुकूम कारकुनाने वाचून दाखवला. मामूल वाचनाचे आहे, अमुक एका पुस्तकाचे नव्हे. सबब समाप्तीस हरकत नाही. खाली साहेबांच्या हातचा वेगळा शेरा होता: मजकूर तपासला, आक्षेपार्ह काही नाही, मात्र पान दोनशे बारावर सासऱ्याने डॉक्टरला बोलवायला पाहिजे होते. आबाराव निरोप घ्यायला गेले तेव्हा पेशकारसाहेबांचा आवाज बसला होता. हवा खराब आहे, असे ते म्हणाले.

आबाराव गावात पोचले तेव्हा दिवस कलला होता. तट्टावरून न उतरताच ते चतुराबाईच्या दारात गेले.

"कुमुद शके अठराशे त्रेचाळीसला गेली," त्यांनी सांगितले. "कचेरीत लिवलेलं हाय. वीस वर्सं झाली."

चतुराबाईने बोटांवर मोजले. एकदा मोजून झाल्यावर परत मोजले.

"वीस वर्सं," ती म्हणाली. "आन इतके दिस आपल्याला कुणी सांगितलं कसं न्हाई?"

मग ती उठली आणि तिने बायकांना हाका मारल्या. जोशीबुवांचा नियम सगळ्यांना पाठ झाला होता. घराघरांतून पाणी पडल्याचे आवाज आले. पुरणाला वेळ नव्हता म्हणून शिरा झाला. ओल्या केसांनी बायका अंगणात येऊन बसल्या आणि आबारावांनी उरलेली अकरा पाने वाचली. शेवटच्या ओळीनंतर त्यांनी मान वर केली. कारभारींनी दोन आठवड्यांनी डोळे मिटले.

"म्हंजी काय," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, "म्हंजी ह्येच."

समाप्ती झाली. चौरंग जागच्या जागी राहिला. अभिप्राय म्हणून कचेरीतल्या रायेचीच नक्कल काढून पुस्तके म्हस्कूबरोबर जालन्याला परत गेली.

पेशकारसाहेबांचा प्रश्न मात्र आबारावांना सोडीना. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगवता रंगवता त्यांनी गोपिकाबाईला सांगून टाकले की सहाचे सहा अध्याय आपल्याला पाठ आहेत.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "मोटंवर म्हणता की."

"मंग तवा बोलली काहून न्हाईस?"

"तुमी मास्तराला चिठ्ठी लिवून राह्यलते तवा तुमचं तोंड बघितलं म्या." तिने रंगाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. "डाव्या शिंगाला कमी लागलाय."

हिवाळ्यात आबारावांनी सहा अध्याय आठवून स्वच्छ अक्षरात लिहून काढले आणि पोथी पुरी केली. पुढच्या आषाढात चालीप्रमाणे ती अंगणात घोंगडीवर उन्हाला ठेवली. या खेपेस राखणीला आबाराव स्वतः काठी घेऊन बसले. दुपारी चतुराबाई आली, घोंगडीशेजारी टेकली आणि बराच वेळ पानांकडे बघत राहिली. तेवढ्यात म्हस्कू रस्त्याने चालला होता.

"म्हस्कू," तिने हाक मारली. "तुझी शेळी दिसत न्हाई यंदा?"

म्हस्कू म्हणाला, आहे की, मागेच आहे.

आबारावांना तहान लागली. काठी भिंतीला टेकवून ते पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.